खालच्या पाड्याचा वॉर्ड

मी ग्रामसेविका आहे. माहेर शहाद्याकडचं, तापीच्या काठचं, केळी आणि उसाच्या मुलखातलं. पहिली नेमणूक मिळाली ती विसरवाडीहून आत, डोंगराच्या बाजूला. घरी आम्ही अहिराणी बोलणारे, आणि तिथे बायका आपसात त्यांच्या बोलीत बोलू लागल्या की मला चार शब्दांपलीकडे काही कळायचं नाही. कागदावर सगळं मराठीत चालायचं. त्यामुळे कागद माझ्याकडे आणि माणसं दुसरीकडे अशी पहिलं वर्षभर माझी अवस्था होती.

गावठाण डांबरी रस्त्याला लागून होतं. शाळा, पंचायत, पिठाची गिरणी सगळं तिथेच. गावठाणाच्या पलीकडून नदी जायची आणि नदीपलीकडे चढत गेलेले तीन पाडे: खालचा, मधला आणि वरचा. गावठाणाच्या पाठीमागची टेकडी नदीच्या उगमाकडे वळून वरच्या पाड्याच्या डोंगराला मिळायची, तिथे एक खिंड होती, आणि टेकडीमागे अजून एक वस्ती. एवढं सगळं मिळून एक ग्रामपंचायत. सदस्य नऊ, वॉर्ड तीन. गावठाणाचा एक, टेकडीमागचा एक आणि तीन पाड्यांचा मिळून एक. प्रत्येकात तीन सदस्य.

पाड्यांच्या वॉर्डातून एक बाई दुसऱ्यांदा निवडून आलेली होती. पन्नाशीची, चौथी शिकलेली, खालच्या पाड्यावर राहणारी. नवरा वर्षातले सहा महिने गुजरातेत ऊसतोडीला. रविवारी ती पत्र्याच्या प्रार्थनाघरात जायची, आणि दीर ओढ्यापलीकडे मधल्या पाड्यावर राहायचा, तो आपले जुने देव मानायचा. सणाला दोन्ही घरं एकत्र जेवायची. मी तिला मावशी म्हणत असे. ती मला बाई म्हणायची आणि एकेरीत बोलायची. सरपंचापासून साहेबापर्यंत ती सगळ्यांशीच तसं बोलायची.

पहिल्याच पावसाळ्यात शौचालयांची पाहणी करायला मी खालच्या पाड्यावर गेले आणि तिथेच तापानं पडले. नदीवर पाण्यालगतची सिमेंटची फरशी होती, पूल नव्हता. दुपारी पाणी फरशीवरून जायला लागलं ते चार दिवस उतरलंच नाही. ते चार दिवस मी मावशीच्या घरात होते. कुडाच्या भिंतीला पाठ लावून बसवून ती मला नागलीची पेज पाजायची. मी शुद्धीत नसताना आईला हाक मारत होते म्हणे. पाचव्या दिवशी पाणी गुडघ्यावर आलं तेव्हा तिनं आणि शेजारच्या तिघींनी मला झोळीत घालून नदी पार करवली आणि जीपनं विसरवाडीच्या दवाखान्यात नेलं.

हे आधी सांगते, कारण खालचा पाडा आणि गावठाण यांच्यामध्ये पावसाळ्यात काय असतं हे मला पक्कं माहीत होतं. नकाशावर बघून नाही, तर स्वतःच्या अंगावर.

तीन वर्षांनी वॉर्डांची नवी रचना करायचा आदेश आला. शेवटच्या जनगणनेचे आकडे धरायचे होते. त्या आकड्यांत आमची पंचायत दीड हजाराच्या किंचित खाली आली होती, आणि दीड हजाराच्या आत असलेल्या गावाला सात सदस्य. म्हणजे दोन जागा गेल्या. आकडा खाली का आला हे गावात सगळे जाणून होते. मोजणी झाली तेव्हा पाड्यांवरची कितीतरी घरं ऊसतोडीला गेलेली होती. दाराला झाप लावलेलं, माणसं बारडोलीकडे. मोजणाऱ्यानं जे दिसलं ते लिहिलं.

रचना करायचं काम तलाठी आणि ग्रामसेवक यांनी मिळून करायचं, मग वरच्या समितीनं तपासायचं, मग गावात लावायचं, मग हरकती. लावेपर्यंत कुणाला एक शब्द सांगायचा नाही अशी सक्त ताकीद होती. आमचे तलाठी निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. मी त्यांना भाऊ म्हणायचे. त्यांच्या टेबलावर नकाशा पसरून आम्ही दोन दिवस बसलो.

सात जागा तीन वॉर्डांत वाटायच्या म्हणजे एका वॉर्डाला तीन आणि दोघांना दोन-दोन. तीन पाड्यांची माणसं तीन सदस्यांना थोडी कमी पडत होती आणि दोघांना फार जास्त होत होती. एक पाडा बाहेर काढावाच लागणार होता. मोजणीचा गट, म्हणजे एका मोजणाऱ्याला नेमून दिलेली घरं, मधोमध तोडता येत नाही, म्हणजे काढायचा तर अख्खा पाडा.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊंनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, दोन तऱ्हेनं बसतंय."

पहिली तऱ्हा अशी की खालचा पाडा काढून गावठाणाला जोडायचा. गावठाणाचे तीन सदस्य राहतात, बाकी दोघांचे दोन-दोन. दुसरी तऱ्हा अशी की वरचा पाडा खिंडीतून पलीकडच्या टेकडीमागच्या वस्तीला जोडायचा आणि त्यांच्यासोबत गावठाणाची मागची आळी द्यायची. मग टेकडीमागच्या वॉर्डाला तीन, गावठाणाला दोन आणि उरलेल्या दोन पाड्यांना दोन.

"आकडे दोन्हीत बसतात," भाऊ म्हणाले. "तुम्ही गाव रोज बघता. तुम्ही सांगा."

मी नकाशावर बोट फिरवून बघितलं. वरच्या पाड्याहून टेकडीमागे उतरायला पायवाट होती, पण मध्ये वनखात्याची जमीन. मतदान केंद्र टेकडीमागे गेलं तर म्हाताऱ्या माणसांना खिंड चढून जावं लागणार. खालचा पाडा मात्र गावठाणाच्या समोर, नदीच्या त्या काठावर. नकाशावर नदी म्हणजे एक निळी रेघ. मी म्हटलं, "खालचा पाडा गावठाणाला घेऊ. सरळ पडतं."

भाऊंनी पेन्सिल माझ्या हातात दिली. ओढ्यावरून, मधल्या आणि खालच्या पाड्याच्या मधून, मी रेघ मारली. मावशीचं घर त्या रेघेच्या अलीकडे आलं आणि तिच्या दिराचं पलीकडे.

माझ्याकडे कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच्या आठ दिवस आधी उपसरपंच पंचायतीत येऊन बसले होते. ते गावठाणातल्या मागच्या आळीत राहायचे. बोलायला गोड, कुणाशी आवाज चढवणार नाहीत. चहा पिता पिता म्हणाले, "मॅडम, आईची तब्येत कशी आहे?"

आईला त्या उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला होता. शहाद्याला वहिनी एकटी तिचं करत होती. मी बदलीसाठी अर्ज दिलेला होता आणि तो कुठेतरी पडून होता. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण गावात काय लपतं.

"जिल्ह्याला माझी ओळख आहे," ते म्हणाले. "तुमच्या अर्जाचं बघतो मी. तुम्ही काही बोलू नका." मग उठता उठता, जसं काही सहज सुचलं असं म्हणाले, "बाकी खालचा पाडा तसा गावठाणाला लागूनच आहे, नाही का."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रेघ मारताना ते वाक्य माझ्या डोक्यात होतं की नव्हतं, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. कधी वाटतं, नव्हतंच. कधी वाटतं, दुसरं काही नव्हतंच डोक्यात.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. झटक्यानंतर तिची जीभ जड झाली होती, शब्द सावकाश यायचे.

"तुन्ही बदलीनं काय व्हयनं?"

"अर्ज देयेल शे, माय."

"कव्हय येशी?"

मी म्हटलं, येईन लवकरच. वहिनीनं तिच्या हातून फोन घेतला.

प्रारूप अजून गावात लागायचं होतं. त्या मधल्या दिवसांत मावशीनं मला जेवायला बोलावलं. नवरा गुजरातेतून सुट्टीवर आला होता, कोंबडं कापलं होतं. सांगायचं नाही असा आदेश होता आणि मी तो पाळला. तिनं माझ्या ताटात भाकर वाढली आणि नवऱ्याला आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्यानं हसून मराठीत भाषांतर केलं, "म्हणते, ही बाई आहे तोपर्यंत आपल्या पाड्याचं कागदाचं काम अडत नाही." मी भाकर तशीच ताटात ठेवली. मी म्हटलं, पोट बरं नाही.

प्रारूप लागलं त्या दिवशी उपसरपंच फलकासमोर उभे होते. त्यांनी नकाशा वाचला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं केलंत." नकाशा न वाचता त्यांना कसं कळलं, हे मी भाऊंना विचारलं नाही, आणि भाऊंनीही मला विचारलं नाही.

पाड्यांवर दोन दिवसांत बोलणी फिरू लागली. कुणी म्हटलं, प्रार्थनावाल्यांना वेगळं काढलं. ते खरं नव्हतं, खालच्या पाड्यावर दोन्ही तऱ्हेची घरं होती. वरच्या पाड्यावर उलटंच बोलणं होतं: खालच्यांना गावात घेतलं, आता रस्ता, दिवे, सगळं त्यांनाच मिळणार. ज्या माणसांनी कधी एकमेकांना त्या पाड्याचे, या पाड्याचे म्हणून बघितलं नव्हतं, ती आता ओढ्यावर भांडी घासताना विचारू लागली की तुझं घर कोणत्या वॉर्डात पडलं.

हरकत द्यायला मुदत थोडी होती. मुदतीच्या आदल्या दिवशी विसरवाडीला बाजार होता. मी भाजी घेत होते. मावशी गर्दीतून आली आणि माझ्या दंडाला धरून मला चहाच्या टपरीमागच्या बाकावर घेऊन गेली. पिशवीतून कोरा कागद आणि पेन काढलं.

"लिही," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"हे वॉर्डाचं चुकलंय. साहेबाला मराठीत पाहिजे. मी बोलते, तू लिही."

मी म्हटलं, "मावशी, मला नाही लिहिता येत. ती रचना मीच केलीय."

"माहीत आहे मला. तुझी सही आहे ना खाली." ती शांतपणे म्हणाली. "पण माझ्याकडे दुसरं कोण आहे लिहिणारं? मास्तर उपसरपंचाच्या घरात भाड्यानं राहतो."

माझ्याच नकाशाविरुद्धचा अर्ज मी लिहायला बसले. हे नियमात बसत नव्हतं, उघड झालं असतं तर नोकरीवर आलं असतं. मी अक्षर बदलून, उभं करून लिहिलं. ती सांगत गेली आणि मी तिच्या सांगण्याला सरकारी मराठीचे कपडे चढवत गेले. मोजणीच्या वेळी कुटुंबे स्थलांतरित होती. पावसाळ्यात फरशीवरून पाणी जाते व खालच्या पाड्याचा गावठाणाशी संपर्क तुटतो. तिन्ही पाड्यांची अंगणवाडी एक, झरा एक, स्मशान एक. नदीचा मुद्दा तिनं एका वाक्यात सांगितला होता. मी त्याचं अर्धं पान केलं, कारण ते चार दिवस मला आठवत होते.

एक गोष्ट मी लिहिली नाही. आकडे दुसऱ्या तऱ्हेनंही बसतात, हे तिला माहीत नव्हतं. ते फक्त भाऊंच्या टेबलावरच्या कागदावर होतं. लिहिलं असतं तर साहेबानं पहिल्याच वाक्याला विचारलं असतं की ही आतली गोष्ट बाहेर कशी गेली. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तिनं अंगठा नाही, सही केली. हळूहळू, एकेक अक्षर कोरत. मग माझ्या पिशवीत दोन मुठी शेंगा टाकल्या आणि गर्दीत निघून गेली.

सुनावणी तालुक्याला झाली. आम्ही दोघं एका बाजूला बसलो, तलाठी आणि मी. समोरच्या बाकावर मावशी आणि वरच्या पाड्याच्या दोन बायका. मावशीनं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. तिचं नाव पुकारल्यावर ती उठून बोलू लागली, अर्धं मराठीत, अर्धं आपल्या भाषेत. कारकून मध्येच म्हणाला, "मराठीत सांगा." ती थांबली. शब्द शोधू लागली. जे ती नदीकाठी उभं राहून तासभर सांगू शकली असती, ते तिला तिथे चार वाक्यांत सांगता आलं नाही. शेवटी म्हणाली, "कागदावर लिहिलंय सगळं."

साहेबांनी अर्ज वाचला. तरुण होते, नीट वाचत होते. "चांगला लिहिलाय," म्हणाले. "कुणी लिहून दिला?"

मी समोरची फाइल उघडून तिच्यात बघू लागले.

"बाजारात एकीनं दिला लिहून," मावशी म्हणाली. तिनं माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

"जनगणनेचे आकडे मला बदलता येत नाहीत," साहेब म्हणाले. "पण नदीचा मुद्दा बरोबर वाटतो." मग आमच्याकडे वळले. "दुसरी काही रचना बसते का? बघितलं होतं का तुम्ही?"

भाऊ माझ्याकडे बघू लागले. खोलीत पंखा फिरत होता आणि कागदांच्या कडा फडफडत होत्या. एवढा एकच प्रश्न होता. मी म्हणू शकले असते, हो साहेब, बसते.

मी म्हटलं, "साहेब, दुसऱ्या रचनेत सलगता राहत नाही. मध्ये वनजमीन आहे."

ते म्हणाले, "मग झालं," आणि अर्जाच्या कडेला काहीतरी लिहिलं. पुढचं नाव पुकारलं गेलं.

जिन्यावर मावशीनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, नामंजूर. तिनं मान हलवली. "बरं." बाहेर येऊन आम्ही सगळे एकाच जीपमध्ये बसलो, कारण त्या बाजूला जाणारी दुसरी जीप नव्हती. बायका मागे, मी आणि भाऊ पुढे. विसरवाडी आल्यावर बायका तेल-मीठ घ्यायला उतरल्या आणि भाऊ सावकाश म्हणाले, "ती पायवाट नकाशात आहे, मॅडम."

"माहीत आहे."

"मग?"

"तुम्हीपण बोलला नाहीत."

"मी तुमची वाट बघत होतो," ते म्हणाले. त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत आम्ही त्या विषयावर बोललो नाही.

निवडणूक लागली. कायद्यानं मावशी कुठल्याही वॉर्डातून उभी राहू शकत होती. मी तिला ते सांगितलंही. ती म्हणाली, "तिकडून दिराची सून उभी आहे. तिच्यासमोर मी उभी राहू?" म्हणून ती आपल्या पाड्याच्या नव्या वॉर्डातून, गावठाणाच्या वॉर्डातून, उभी राहिली. खालच्या पाड्यानं तिला भरभरून मतं दिली असतील, पण खालचा पाडा होता केवढा. तिन्ही जागा गावठाणात गेल्या. मतमोजणीच्या टेबलाशी मी नव्हते. तिनंच येऊन सांगितलं, दारात उभी राहून, आणि मग विचारलं की शेजारणीच्या मुलीच्या जन्माचा दाखला तयार झाला का.

पुढचं मला इतिवृत्तात लिहावं लागलं. सभेची सचिव मीच. नळपाणी योजनेचा आराखडा आला. मधल्या आणि वरच्या पाड्याला झऱ्यावरून टाकी मिळाली, कारण त्यांचे दोन सदस्य ते धरून बसले होते. गावठाणाच्या वॉर्डाला विहिरीवरून पाइप. तो नदीच्या अलीकडच्या काठापर्यंत आला आणि थांबला. नदी ओलांडायचं काम पुढच्या टप्प्यात घ्यावं असं ठरलं. ठराव सर्वानुमते, असं मी लिहिलं. सभेत खालच्या पाड्याचं कुणी नव्हतं, तेव्हा सर्वानुमतेच होतं ते.

खालच्या पाड्याच्या बायका ओढा ओलांडून मधल्या पाड्याच्या टाकीवर जायच्या. पहिला महिनाभर कुणी काही बोललं नाही. उन्हाळा चढला, टाकी लवकर रिकामी होऊ लागली, आणि एक दिवस तिथे हंडे फेकण्यापर्यंत भांडण गेलं. "तुमचा वॉर्ड तिकडे आहे," असं म्हणणारी बाई मावशीच्या दिराचीच सून होती, नव्यानं निवडून आलेली.

त्याच आठवड्यात मावशी पंचायतीत आली. दुपारची वेळ, शिपाई जेवायला गेलेला. तिनं खुर्ची ओढली नाही, दाराशी खालीच बसली. मीही खुर्ची सोडून तिच्यासमोर बसले.

"मी दाणे मांडून बघितले," ती म्हणाली.

मला कळेना.

"मक्याचे दाणे. घरात. घराघरातली माणसं मला तोंडपाठ आहेत. वरचा पाडा खिंडीतून पलीकडे लावला आणि त्यांना ती मागची आळी दिली, तर तेव्हाही बसत होतं." ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, जसं दुखणाईत माणसाकडे बघावं तसं. "बसत होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

बाहेर गिरणीचा पट्टा चालू होता. मग तिनं विचारलं, "कशाला केलंस मग?"

मी तिला सगळं सांगितलं. वरच्या पाड्याच्या म्हाताऱ्यांची खिंड सांगितली, आईचं सांगितलं, उपसरपंचांचं वाक्य सांगितलं. यातलं कुठलं कारण खरं ते मलाच माहीत नाही, हेही सांगितलं. म्हटलं, मी लेखी देते, माझी सही करून देते, तू वर पाठव. माझं काय व्हायचं ते होऊ दे.

"त्यानं वॉर्ड बदलेल?"

"आता नाही. पुढच्या वेळेला कदाचित विचार होईल."

"मग तुझा कागद घेऊन मी काय करू," ती म्हणाली. पदरानं तोंड पुसलं. "तुझी नोकरी जाईल, तुझी आई तशीच पडून राहील. माझ्या पाड्याला पाणी येणार आहे का त्यानं?"

मी रडत होते. तिनं मला जवळ घेतलं नाही. ज्या बाईनं मला चार दिवस पेज पाजली होती तिनं हात पुढे केला नाही, आणि ते योग्यच होतं.

थोड्या वेळानं म्हणाली, "आमची माणसं मोजलीच गेली नाहीत. मूळ तिथे आहे. दिवाळी झाली की लोक परत तोडीला निघतील. त्याआधी तू माझ्याबरोबर चल. एकूणएक घर लिहू. कोण इथे, कोण बारडोलीला, कोण परत कधी. मोजणारा येईल तेव्हा त्याच्या हातात देऊ."

मी म्हटलं, त्याला ती यादी धरता येईलच असं नाही.

"तू लिही तरी."

त्या दिवाळीआधी आम्ही दोघी आठ-दहा दिवस पाडे फिरलो. पंचायतीचं काम उरकून मी दुपारी नदी ओलांडायचे. ती पुढे, मी मागे वही घेऊन. ती घरासमोर उभी राहून हाक मारायची, आपल्या भाषेत विचारायची आणि मला मराठीत सांगायची. भात कापणी चालू होती, माणसं खळ्यावर असायची, मग आम्ही खळ्यावर जायचो. कुणी विचारायचं, रेशनचं आहे का. कुणी विचारायचं, आता परत वॉर्ड बदलणार का. वरच्या पाड्यावरचा एक म्हातारा आपल्या चार मुलांची नावं सांगून झाल्यावर थांबला आणि म्हणाला, "पाचवा आहे, पण तो चार वर्षं आलेला नाही. त्याला लिहायचं का?" मावशी माझ्याकडे बघू लागली. मी लिहिलं. त्या दिवसांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. जेवायला थांब, असं एकदाही म्हणाली नाही.

यादी पूर्ण झाली तेव्हा जनगणनेच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं भरली. मी तिच्या दोन प्रती काढल्या. एक मावशीकडे दिली. दुसरी पत्र लावून तालुक्याला जमा केली, पोच घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली, शहाद्याजवळच. यादीत माझं नाव नियमानं आलं होतं की कुणी सांगून आणलं होतं, मी शोधलं नाही. निरोपाच्या दिवशी उपसरपंचांनी नारळ आणि शाल दिली आणि माझ्या कानाशी म्हणाले, "आईला नमस्कार सांगा." मावशी त्या कार्यक्रमाला आली नव्हती. आई मी आल्यानंतर वर्षभर होती. तिला मी भरवत असे, आणि चमचा तिच्या ओठांशी नेताना मला कधी कधी वेगळीच भिंत, वेगळीच पेज आठवायची.

आता इथे सपाटीला वीज आहे, रस्ता आहे, तीन तीन सदस्यांचे वॉर्ड नीट चौकोनी पडतात. सगळीकडे नव्या जनगणनेची बोलणी सुरू आहेत. मोजणी झाली की खालपासून दिल्लीपर्यंतचे सगळे मतदारसंघ नव्यानं आखले जातील असं लोक म्हणतात. चहाच्या टपरीवर माणसं हिशेब करतात, कुणाची जागा वाढणार, कुणाची जाणार.

मावशीचा फोन अधूनमधून येतो. कशी आहेस असं ती विचारत नाही. सरळ विचारते, "त्या यादीचं काय झालं? साहेबानं वाचली का?" मागच्या आठवड्यातही आला होता. मागे जीपचा आवाज येत होता, ती बहुतेक विसरवाडीला उभी होती. मी म्हटलं, तालुक्याला फोन करून विचारते आणि तुला सांगते. ती म्हणाली, विचार. फोन ठेवला.

मी अजून विचारलेलं नाही.